पदविकेनंतरचे शिक्षण

एखाद्या व्यवसायाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे आधी विद्यालयाची स्थापना, मग पदवी, मग पदवीधरांची संघटना आणि सर्वांत शेवटी पदवीधरांच्या पुढील अध्ययनाची सोय, असा क्रम लावण्याचा आपला शिरस्ता आहे. आणि बहुतेक व्यवसायांच्या बाबतीत तो चुकतही नाही. परंतु आजाराने, अपघाताने अथवा जन्मजात व्यंगाने ज्याच्या हातून जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, स्वयंपाक करणे किंवा उदरनिर्वाहाचे काम करणे निसटून गेले आहे, त्याला त्या त्या कृतीच्याच द्वारे पुन्हा समर्थ करण्याची जी विद्या व्यवसायोपचार या नावाने आपल्याकडे स्थिरावली, तिच्या इतिहासात हा क्रम उलटा लागतो. येथे आधीपासून नोकरीत असलेल्या माणसांना काम करता करता दिलेले शिक्षण प्रथम आले, त्यातून विद्यालये निघाली, आणि सनदा, नोंदवह्या व परीक्षा त्यांच्याही मागून आल्या. हा केवळ कालक्रमाचा तपशील नसून या व्यवसायाच्या प्रकृतीचे त्यात मर्म आहे, असे मला वाटते.

अमेरिकेतील बॉस्टन येथील ॲडम्स नर्व्हाइन असायलम या संस्थेत सुझन ट्रेसी या परिचारिकेने १९०६ साली परिचारिकांसाठी जो वर्ग उघडला, त्याच्या विद्यार्थिनी रुग्णसेवेत मुरू लागलेल्या स्त्रिया होत्या. १९०८ साली शिकागोतील नागरिकशास्त्र व परोपकारविषयक विद्यालयात ज्यूलिया लॅथ्रॉप यांच्या पुढाकाराने जो अभ्यासक्रम निघाला, तोही सरकारी मनोरुग्णालयांत दिवसरात्र पाळी करणाऱ्या परिचारकांसाठीच होता. रुग्णांना नुसते कोंडून आणि आवरून न ठेवता त्यांच्या हातांना अर्थपूर्ण काम कसे द्यावे, हे त्यांना शिकवावयाचे होते. ट्रेसीबाईंचे १९१० चे पुस्तक आणि विल्यम रश डंटन या मानसोपचारतज्ज्ञाचे १९१५ चे पुस्तक, ही या विषयावरील आरंभीची दोन्ही पुस्तके परिचारिकांच्या उपयोगासाठी लिहिलेली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे विद्येचा पहिला श्रोतृवर्ग कोणता होता याविषयी शंका राहत नाही. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी ज्या मोजक्या मंडळींनी एकत्र बसून या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली, त्यांत यजमान जॉर्ज बार्टन व थॉमस किडनर हे वास्तुशिल्पी होते, सुझन जॉन्सन हस्तकलेच्या शिक्षिका होत्या, डंटन वैद्य होते आणि एलेनॉर क्लार्क स्लेगल या त्याच शिकागोच्या वर्गातून पुढे शिकून बाहेर पडलेल्या समाजसेविका होत्या. व्यवसायोपचाराची पदवी त्यांच्यापैकी एकापाशीही नव्हती, कारण तशी पदवीच अस्तित्वात नव्हती. बार्टन तर स्वतः क्षयाने आणि पक्षाघाताने पिडलेले असून आपल्याच बधिर अंगावर ते हा उपचार अजमावीत होते.

महायुद्धाने घाई केली. १९१८ मध्ये जखमी सैनिकांसाठी अल्प मुदतीचे वर्ग निघाले, शेकडो तरुणींना तातडीने तालीम देऊन लष्करी इस्पितळांत धाडण्यात आले, आणि १९२३ मध्ये अभ्यासक्रमाची किमान मर्यादा ठरविण्याची गरज संस्थेस भासली. स्लेगलबाईंनी १९२२ पासून न्यूयॉर्क राज्याच्या मनोरुग्णालयांतील या खात्याचा कारभार अखेरपर्यंत पाहिला. १९३० नंतरच्या दशकात नोंदणी आणि वैद्यकीय संघटनेची मान्यता या गोष्टी आल्या. हा भाग सर्व व्यवसायांच्या इतिहासासारखाच असल्याने त्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

आपल्या देशात १९२० नंतरच्या दशकात रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयात ओवेन बर्कले-हिल यांनी रुग्णांना कामाला लावण्याची पद्धत आस्थेने राबविली होती. पण ती एका संस्थेपुरती आणि एका अधिकाऱ्याच्या उत्साहापुरती राहिली. शिकवून तयार केलेल्या व्यवसायोपचारकांची परंपरा सुरू झाली ती मुंबईस, आणि ती सुरू करणारी व्यक्ती स्वतःच प्रौढ वयात विद्यार्थिनी झालेली होती. एलिझाबेथ लंडी या १९०० साली अमेरिकेत जन्मलेल्या क्वेकरपंथीय तरुणीने विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी विवाह केला, त्या हिंदुस्थानात आल्या, त्यांनी हिंदू धर्म आणि कमला हे नाव स्वीकारले, आणि गांधीयुगातील राष्ट्रीय जीवनाशी त्या समरस झाल्या. वयाची पंचेचाळिशी उलटलेली, संसार मांडलेला, परक्या देशात मूळ धरलेले, अशा अवस्थेत ही स्त्री आपल्या जन्मभूमीत परत जाते ती विश्रांतीसाठी नव्हे, तर फिलाडेल्फियाच्या व्यवसायोपचार विद्यालयात आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलींसमवेत बाकावर बसून शरीररचनाशास्त्र आणि विणकाम शिकण्यासाठी. ही घटना या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना आहे, असे मी मानतो. त्या विद्यालयाच्या संचालिका हेलन विलार्ड आणि त्यांच्या सहकारी क्लेअर स्पॅकमन यांनी १९४७ साली संपादित केलेला ग्रंथ पुढे जगभर या विषयाचा आधारग्रंथ ठरला. दर काही वर्षांनी त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघत राहिली, आणि मूळच्या दोघी संपादिका निवर्तल्यावरही तो त्यांच्याच नावाने नव्या संपादकांच्या हातून पुनःपुन्हा लिहिला जात आहे.

कमलाबाईंनी १९५० साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय उघडले. देशातले ते पहिले. जागेची ही निवड मोठी अर्थपूर्ण ठरली. परळ म्हणजे गिरणगावाचे हृदय. तेथील रुग्णालयात येणारा मनुष्य बहुधा कोकणातून वा घाटावरून आलेला, साच्यावर किंवा मागावर उभा राहून पोट भरणारा, आणि बोटे चिरडली अथवा खांदा निकामी झाला तर ज्याच्या गावाकडची मनीऑर्डर बंद पडते असा. त्याला बरे करणे म्हणजे त्याची जखम भरून आणणे एवढेच नव्हे. त्याला पुन्हा धाग्याची गाठ मारता आली पाहिजे. म्हणून त्या काळच्या विभागांतून हातमाग, सुतारकामाचे बाक, वेतकाम, बुकबांधणी ही साधने असत, आणि करवत ओढण्यात खांद्याचे कोणते स्नायू किती राबतात, मागाची फळी पायाने दाबताना गुडघा किती अंशांत वाकतो, याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेतला जाई. वैद्यकाची परिभाषा आणि कारागिराचे कसब एकाच डोक्यात नांदविण्याचा हा प्रयोग होता.

१९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी दहा देशांच्या संघटनांनी मिळून जो जागतिक महासंघ उभारला त्याच्या संस्थापकांत भारताचा समावेश झाला. पहिल्या विद्यालयाला अवघी दोन वर्षे झाली असता एखाद्या नवस्वतंत्र देशाने जागतिक संस्थेच्या पायाभरणीत भाग घ्यावा, हा मान लहान नव्हे. महासंघाच्या पुढील काळातील अध्यक्षांत स्पॅकमनबाई होत्या. फिलाडेल्फियाचा बाक आणि परळचे विद्यालय यांच्यातील धागा असा तुटला नाही. १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही विद्यालय निघाले, मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ मध्ये पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली, आणि कमलाबाईंनी आशियातील पुनर्वसनकार्याला वाहिलेले एक नियतकालिक चालविले. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतातील पुनर्वसनाचा त्यांनीच लिहिलेला इतिहास त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. फलटणला त्यांच्या नावाने चालणारे बालभवन पुष्कळांना ठाऊक असते, पण ज्यांच्या नावाने ते आहे त्यांनी या देशात एक संबंध व्यवसाय रुजविला, हे मराठी वाचकाला क्वचितच माहीत असते, याची खंत वाटते.

पदविका हाती पडली, रुग्णालयात नेमणूक झाली, म्हणजे या विद्यालयांतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीच्या शिक्षणाचे काय झाले, हा खरा प्रश्न. तीन वर्षांत जे शिकले त्यावर तीस वर्षांची नोकरी निभावून नेण्याची मुभा पुष्कळ हुद्द्यांना असते. व्यवसायोपचारकाला ती मिळाली नाही, आणि त्याचे कारण एखाद्या कायद्यात वा परिपत्रकात नसून रोगांच्या इतिहासात आहे. त्या पिढीने ज्या रोगांसाठी तालीम घेतली ते रोगच तिच्या डोळ्यांदेखत एकामागून एक मागे हटत गेले.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. आरोग्यधामात महिनोन् महिने पडून राहिलेल्या क्षयरोग्याला प्रथम अंथरुणातल्या अंथरुणात करता येईल असे हलके काम, मग बसून करावयाचे, मग उभ्याने करावयाचे, अशी श्रमाची चढती श्रेणी आखून देणे ही व्यवसायोपचारकाची खास विद्या होती. स्ट्रेप्टोमायसिन व त्यामागून आलेली औषधे हाती आली, १९५६ पासून मद्रासच्या क्षयोपचार केंद्रात झालेल्या पाहणीने घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो हे दाखवून दिले, आणि त्या श्रेणीविद्येचा आधारच सरला. मानवजातीच्या दृष्टीने याहून आनंदाची वार्ता नाही. पण ज्यांनी ती विद्या आयुष्य घालून मिळविली होती त्यांना दुसरी शिकणे भाग पडले.

पोलिओची कथा अधिक दीर्घ आहे. ज्या विभागांत लहान मुलांच्या लुळ्या पायांसाठी चामड्याचे पट्टे आणि लोखंडी पट्ट्या बसविण्यात, आणि त्या पायांनिशी शाळेची पायरी चढावयास शिकविण्यात सारी शक्ती खर्ची पडे, त्याच विभागांत लसीकरण पसरत गेले तशी ही मुले कमी कमी होत गेली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात देशातील अखेरचा नैसर्गिक पोलिओरुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. कुष्ठरोगाचेही तसेच. पॉल ब्रँड यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वेल्लोर येथे कुष्ठरोग्याच्या आखडलेल्या हातावर स्नायुबंध फिरविण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, तेव्हा शस्त्रवैद्याचे काम जेथे संपते तेथून दुसऱ्याच कोणाचे तरी काम सुरू होते हे स्पष्ट झाले. ज्या स्नायूने जन्मभर एक काम केले त्याला आता नव्या जागी नवे काम शिकवावयाचे, आणि संवेदना गमावलेल्या बोटांनी तव्याचा चटका न बसू देता स्वयंपाक कसा करावा हे रोग्याच्या डोळ्यांना शिकवावयाचे. ही विद्या कोणत्याही पदविकेच्या अभ्यासक्रमात आधी लिहिलेली नव्हती. शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या खोलीत, रोज सकाळी, शस्त्रवैद्य आणि उपचारक यांनी ती एकमेकांना विचारून घडविली. पुढे बहुविध औषधोपचार आला आणि वेळीच ओळखलेल्या रोग्याचा हात आखडण्यापूर्वीच रोग आवरता येऊ लागला.

गेलेल्या रोगांच्या जागी आले ते वाहनअपघातातील मेंदूचे आघात, पक्षाघात, मधुमेहाने निकामी झालेले पाय, अकाली जन्मून आता वाचू लागलेली अर्भके, स्वमग्न मुले, आणि स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले वृद्ध. परळच्या परिसरात आणखी एक उलथापालथ झाली. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे २.५ लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढील वर्षांत गिरण्यांची धुराडी थंडावत गेली. मागावर परतण्यासाठी हात तयार करावयाचा, ही ज्या उपचाराची दिशा होती त्याला आता रोग्याला कोणत्या कामाकडे परत न्यावयाचे हेच नव्याने शोधावे लागले. साधनेही बदलली. बोटे सरळ ठेवण्यासाठी प्लास्टरचे वा ॲल्युमिनियमचे जड स्प्लिंट करणाऱ्यांना, गरम पाण्यात मऊ होऊन हातावरच घडविता येणारे प्लास्टिकचे पत्रे १९७० नंतर हाताळावयास शिकावे लागले. आणि हातमाग विभागातून हळूहळू निघून गेला, याचे मला वाईट वाटते, कारण त्याच्या जागी जी यंत्रे आली त्यांवर रोगी व्यायाम करतो, पण दिवसाच्या अखेरीस आपण विणलेले हातभर कापड त्याच्या हाती राहत नाही.

याच काळात पदविकेनंतरच्या शिक्षणाचे एक नवे रूप परदेशांतून आले. बर्लिन सोडून लंडनला आश्रय घेतलेल्या बर्टा बोबाथ या व्यायामशिक्षिकेने आणि त्यांचे पती कारेल यांनी मेंदूच्या आघाताने ताठरलेल्या अंगांवर उपचाराची एक पद्धती बसविली, आणि तिचे आठ आठवड्यांचे वर्ग केवळ आधीच अर्हता मिळविलेल्या उपचारकांसाठी ठेविले. कॅलिफोर्नियात जीन आयर्स या व्यवसायोपचारिकेने १९७२ च्या ग्रंथातून संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धांत मांडला आणि त्याचेही स्वतंत्र दाखल्याचे वर्ग निघाले. मुंबईत १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचे काम सुरू झाल्यावर मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी या पद्धती शिकण्याची निकड येथेही वाढली. बोबाथ-पद्धतीच्या इतिहासात एक गोष्ट फार मोलाची आहे. तिचे मूळ स्पष्टीकरण चेतासंस्थेविषयीच्या नव्या ज्ञानापुढे टिकले नाही तेव्हा तिच्या शिक्षकांनीच ते पुनःपुन्हा बदलले, आणि पक्षाघाताच्या रोग्यांवरील तौलनिक अभ्यासांत ती इतर पद्धतींहून श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झाले नाही. जो महागडे शुल्क भरून, रजा काढून ती शिकला, त्याला तिच्यातले काही सोडून देणेही शिकावे लागले. आणि शिकलेले सोडणे हे शिकण्याहून कठीण असते, कारण त्यात स्वाभिमान गुंतलेला असतो.

परदेशी ग्रंथांत जे नव्हते, ते मात्र आपल्या उपचारकांना रोग्यांकडूनच शिकावे लागले. रोगी स्वावलंबी आहे की नाही हे ठरविण्याच्या ज्या मोजपट्ट्या बाहेरून आल्या, त्या खुर्चीवर बसून, टेबलावर जेवणाऱ्या माणसासाठी रचलेल्या होत्या. आपल्या रोगिणीला मांडी घालून पाटावर बसावयाचे असते, उकिडवे बसून शौचास जावयाचे असते, लुगड्याचा काचा मारावयाचा असतो, एका हाताने परात धरून दुसऱ्याने भाकरी थापावयाची असते, आणि हे जमत नसेल तर ती स्वतःला बरी झाली असे कधीच मानणार नाही, मोजपट्टी काहीही सांगो. जयपूरला १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय घडविला, तो उकिडवे बसू देतो आणि अनवाणी चालू देतो म्हणूनच लोकांनी स्वीकारला, ही गोष्ट प्रत्येक उपचारकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रुग्णालयांच्या व्यवसायोपचार-विभागांत शनिवारी वा दुपारच्या वेळी एखाद्या रोग्याची हकीकत सर्वांसमोर मांडण्याची जी चाल आहे, तीत असे कितीतरी ज्ञान तोंडोतोंडी एका पिढीकडून दुसरीकडे गेले. संघटनेच्या वार्षिक अधिवेशनांतून आणि तिच्या नियतकालिकातून त्यातले थोडे छापले गेले. पुष्कळसे निवृत्तीबरोबर गेले.

आता या अध्ययनाला कायद्याचे रूप आले आहे. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या कल्पनेनुसार दहा तासांच्या शिक्षणाला एक एकक मानण्यात आले, आणि तेथील दाखला टिकविण्यासाठी व्यवसायोपचारकाला तीन वर्षांत ३६ एकके दाखवावी लागतात, मात्र ही एकके दाखला देणाऱ्या संस्थेच्या निराळ्या मापाने मोजली जातात. ब्रिटनमध्ये तास न मोजता, काय शिकलात आणि त्याचा रोग्याला काय लाभ झाला याचा लेखी वृत्तांत नोंदणीमंडळ निवडक उपचारकांकडून, शंभरात अडीच या प्रमाणात, मागविते. मला ही दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण तास बसून भरता येतात, रोग्याचा लाभ तसा भरता येत नाही. आपल्याकडे महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची परिषद स्थापण्याची तरतूद केली, १९९८ पासून नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या अमलाखाली राज्यातील पदवी-अभ्यासक्रम येत गेला, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेतील व्यवसायांचे जे दहा गट पाडले त्यांत व्यवसायोपचाराला स्वतंत्र गट मिळाला.

नोंदणी, नूतनीकरण, गुणांक यांचे मसुदे आता दिल्लीत व मुंबईत तयार होतील, आणि ते करणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात एकट्याने विभाग चालविणाऱ्या उपचारकाची स्थिती डोळ्यांसमोर ठेवावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. चर्चासत्रे बहुधा महानगरांत भरतात, त्यांचे शुल्क व प्रवासखर्च तो स्वतःच्या पगारातून भरतो, आणि त्या दिवसांची रजा त्याच्या खात्यावर पडते. त्याच्या गैरहजेरीत विभागाला कुलूप असते. शिकण्याचे दिवस हे नोकरीचेच दिवस धरले जावेत, बदलीवर येणाऱ्या उपचारकाची तरतूद अंदाजपत्रकात असावी, शिक्षकांनी वर्षातून काही दिवस जिल्ह्याच्या गावी जाऊन तेथील रोग्यांसमोर शिकवावे, आणि जी साधने रोग्याच्या नातेवाइकांना समजावून द्यावयाची आहेत ती मराठीत, चित्रांसह, छापली जावीत. गडचिरोली वा नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील उपचारकाने आपल्या रोग्याविषयी घेतलेली नोंदही मुंबईच्या व्याख्यानाइतक्याच गुणांकास पात्र ठरावी. वेल्लोरच्या त्या बाहेरच्या खोलीत जे घडले, ते कोणत्याही जिल्हा रुग्णालयात घडू शकते.